पापलेटचा डोळा

मासा घेताना त्याच्या डोळ्यात बघायचं, हे अर्ध्या भाईंदर पश्चिमेला इनेझने शिकवलं. कल्ले रंगवणारे हरामखोर आहेत. बर्फात ठेवला की शिळा मासासुद्धा कडक लागतो. डोळ्याचं मात्र कुणाला काही करता येत नाही. डोळा फुगीर, बाहुली काळी कुळकुळीत, वर काचेसारखी चकाकी, तर मासा ताजा. बाहुलीवर साय धरली असेल तर फेकून द्यायचा. उत्तनहून टोपली घेऊन ती मार्केटात बसायची आणि एखादं गिऱ्हाईक डोळा सोडून शेपटी चाचपायला लागलं की ऐकवायची, "शेपटी काय बघतोस? लग्न लावायचं हाय काय तिचं?"

त्याच इनेझच्या उजव्या डोळ्यात साय धरली होती आणि डाव्यात धरत होती.

मुलगी टॅनिया मागे लागून थकली. इनेझचं उत्तर ठरलेलं. "मोतीबिंदू हाय तो. पिकावा लागतो. कच्चा काढला तर डोळा जातो. माझ्या सासूचा गेला."

टॅनियाने एकदा तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. तिथे भिंतीवर डोळ्याचा मराठी तक्ता. स्वच्छमंडल, परितारिका, नेत्रभिंग, दृष्टिपटल. ही कुणाच्या आईची भाषा आहे, ते ज्या समितीने ती घडवली तिलाच ठाऊक. बुबुळ म्हटलं असतं तर समितीवाल्यांच्या पगारातून काही कापून जाणार नव्हतं. टॅनियाने सगळं वाचून दाखवलं. इनेझ म्हणाली, "ह्यातलं एकबी माझ्या डोळ्यात न्हाय. चल घरी."

तेवढ्यात आत बोलावलं. डॉक्टरीणबाई तिशीच्या. बॅटरी मारून म्हणाल्या, "आजी, कॅटरॅक्ट मॅच्युअर होतोय. डिले केलं तर प्रेशर वाढेल." बाकीचं इनेझच्या डोक्यात शिरलंच नाही. आजी हा शब्द शिरला, आणि ती उठून चालू लागली.

सुचेता तिचं जुनं गिऱ्हाईक. दादर सोडून इकडे राहायला आली तेव्हापासून दर शुक्रवारी यायची. पूर्वी एकेक मासा उलटापालटा करून इनेझला जेरीस आणायची. हल्ली मात्र टोपलीत नजर टाकायची, दोन-तीन पापलेटं भराभर उचलायची आणि चालू पडायची. घासाघीस नाही, कटकट नाही. इनेझ शेजारच्या वासंतीला सांगायची, "इतकी वरसं शिकवली, आता कुठे निवडता येतंय बाईला."

त्या शुक्रवारी सुचेता आली तेव्हा टोपलीसमोर भांडण चालू होतं. नया नगरची एक तरुण बाई आदल्या दिवशी नेलेलं पापलेट परत घेऊन आली होती. पिशवी उघडताच वासंतीने पदर नाकाला लावला. इनेझने त्या बाईला घरातल्या फ्रीजपासून माहेरापर्यंत सगळं ऐकवलं. बाई पिशवी तिथेच टाकून निघून गेली. जाताना म्हणाली, "अब कभी नहीं आऊंगी, और बिल्डिंग में सबको बोलूंगी."

"ताई, तूच सांग," इनेझ म्हणाली. "माझा माल कधी खराब होता काय?"

सुचेताने पिशवीतून मोबाईल काढला. "उजवा डोळा मोठा कर. हलू नकोस." एक फोटो काढला. मग वाकून टोपलीतल्या वरच्याच पापलेटच्या डोळ्याचा काढला. दोन्ही इतके मोठे केले की गोल बुबुळाशिवाय काही दिसेना, आणि एकेक करून इनेझच्या डाव्या डोळ्याजवळ धरला. "यातला ताजा कुठला?"

इनेझने मान तिरकी केली. "ताजा एकबी न्हाय. हा कालचा. आणि हा तर परवाचा. मांजरालाबी घालू नको."

"परवाचा आहे तो तुझा."

वासंती फिसकन हसली. इनेझने मोबाईल पुन्हा डाव्या डोळ्याजवळ ओढला. "आणि कालचा?"

"तुझ्या टोपलीतला. वरचाच." सुचेता बाजूच्या पाटावर बसली. "गणपतीपासून साय धरलेली तेवढी मी वेचून नेते. दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नकोत. पण मला शुक्रवारच जमतो, इनेझ. बाकीच्या दिवसांचं मी काय करू?"

"मग बोललीस का न्हाय?"

"तुला कोण बोलणार? तू शेपट्यांची लग्नं लावतेस."

"शिजवलीस काय ती?"

"आमच्या बिल्डिंगमधली मांजर येऊन बघ. जिना चढवत नाही तिला आता."

इनेझने ओलं गोणपाट ओढून टोपली झाकली. "सासूचा गेला ना गो. माझा गेला तर मी इथे बसून काय करू?"

"सासूने पिकू पिकू दिला आणि दगड झाल्यावर काढला. आता पिकायची वाट बघत नाहीत. आतलं भिंग फार कडक व्हायच्या आधीच काढतात, नवं बसवतात. राहू दिलं तर ते फुगतं, डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही. हेच सांगत होती ती डॉक्टर मुलगी, टॅनियाने सांगितलं मला. पण तू रुसलीस."

"आजी म्हणाली मला."

"मग काय बेबी म्हणणार?"

इनेझने हात गोणपाटाला पुसले. "टॅनियाला फोन लाव. आणि सांग, त्या डॉक्टर पोरीला आधी समजव, आजी म्हणायचं न्हाय."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, विश्रांती झाली, आणि काळा गॉगल लावून इनेझ पुन्हा मार्केटात बसली. सकाळी बर्फातल्या माशांची पेटी देणाऱ्या व्यापाऱ्यापुढे तिने त्याच्याच मालातली चार शिळी पापलेटं आपटली आणि त्याच्या साऱ्या घराण्याचे डोळे काढले. शुक्रवारी सुचेता आली, सवयीने टोपलीत हात घातला. इनेझने तिच्या हातावर चापट मारली.

"तू निवडू नको. मी देते." गॉगल वर करून तिने एकेक पापलेट उजव्या डोळ्यासमोर धरलं आणि दोन ताजी सुचेताच्या पिशवीत टाकली.

"आणि मांजरीचं काय?" सुचेता म्हणाली. "दारात बसून राहते बिचारी."

इनेझने पिशवीला गाठ मारली. "तिला सांग, धीर सोडू नको. माझा डावा अजून बाकी हाय."