जाळलेली पिसं

कोंबडी कापली की पारध्याची बाई आधी पिसं जाळते, मसाला मग वाटते. ताईबाईला हे तिच्या आईनं शिकवलं होतं आणि आईला आजीनं. पारध्याच्या दारात कोंबडीचं पीस दिसलं, की गावात कुणाची तरी कोंबडी हमखास हरवते. मग आपण ती भर बाजारात रोख देऊन घेतली, हे सांगायचं कुणाला आणि ऐकायचं कुणी?

त्या दिवशीची कोंबडी तर आनंदाची होती. तिच्या नवऱ्याला, सावळारामला, रांजणगावच्या एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागत होती. ठेकेदारानं ड्रेसही देऊन टाकला होता. फक्त पोलिसांचा दाखला यायचा राहिला होता, आणि तो येणार होता, कारण सावळारामच्या नावावर केस नव्हती. कवठे येमाईच्या गायरानावरच्या त्या वस्तीत असा बाप्या शोधून सापडला नसता. ताईबाईनं नवऱ्याचं ते कोरं नाव तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. त्यासाठी ती गावातल्या लग्नाच्या मांडवाकडंसुद्धा त्याला फिरकू देत नसे. उगाच कुणाची चप्पल हरवायची आणि बोट याच्याकडं जायचं.

अशात सावळाराम रस्त्यावरून एक पाहुणा घेऊन आला. सत्यजीत नाव त्याचं, पुण्याचा. मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं, लोकांच्या घरी जेवायचं आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे, हा त्याचा उद्योग. दौंडकडची गावं खाऊन संपवली होती, आता शिरूरची पाळी होती. गाडी पंक्चर झाली म्हणून उन्हात उभा होता. सावळारामनं ती वस्तीपर्यंत ढकलत आणली, पंक्चरवाल्याला फोन केला आणि वर म्हणाला, "आता जेवूनच जावा, दादा."

ताईबाई परसात खड्ड्यात पिसं जाळत होती. सत्यजीतनं नाकाला रुमाल लावला.

"ताई, हे काय करताय?"

"कोंबडीची पिसं हायती. ठिवली तर गाव चोर म्हणतंय," ती म्हणाली.

"खूप वाईट वाटलं ऐकून," सत्यजीत म्हणाला. वाटलंही असेल. अशा लोकांना वाईट लगेच वाटतं आणि लगेच बरंही वाटतं.

मग त्यानं घर पाहिलं. वळचणीला तिच्या सासऱ्याचा जुना तितराचा पिंजरा टांगला होता. त्यात आता कांदे होते. सत्यजीतचे डोळे चमकले. त्यानं मोबाइलमध्ये पिंजरा खालून घेतला, वरून घेतला, कांदे दिसणार नाहीत असाही घेतला.

"तितर खायला मिळेल का हो?"

"न्हाई, दादा. आता कुणी धरीत न्हाई. बंदी हाय," सावळाराम म्हणाला. "कोंबडी हाय घरात. गोड मानून घ्या."

पाहुण्याला आधी वाढलं. बाजरीची भाकरी, भाजल्या खोबऱ्याचा रस्सा, आणि फोडी सगळ्या त्याच्याच ताटात. त्यानं बोटं चाटली, दोनदा रस्सा मागून घेतला. घरच्यांना उरलं ते पातेलं पुसून खाण्यापुरतं. तरी ताईबाईला समाधान वाटलं. शहरातला माणूस तिच्या चुलीपुढं मांडी घालून जेवला होता. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"काही लागलं तर हक्कानं फोन करा, ताई," असं सांगून, कागदावर नंबर लिहून देऊन तो गेला.

व्हिडिओ आला त्याचं नाव होतं, 'पारध्याच्या चुलीवरचं तितर'. आधी पिंजरा, मग उकळता रस्सा, मग बोटं चाटणारा सत्यजीत. बघणारे लाखावर गेले. वस्तीतल्या पोरांनी ताईबाईला मोबाइलवर तिचंच घर दाखवलं. तिनं कौतुकानं पाहिलं. ती लिहिणं-वाचणं शिकलेली नव्हती आणि पोरं नाव वाचायच्या आत हसत पुढं पळाली.

आठवडा उलटला आणि फॉरेस्टची जीप दारात उभी राहिली. व्हिडिओतलं तितर कुठं धरलं, असं साहेबानं विचारलं.

"कोंबडी व्हती, साहेब," ताईबाई म्हणाली.

"पिसं दाखव."

"जाळली."

"का?"

"चोरीची म्हणत्यात म्हणून."

साहेब शिपायाकडं बघून हसला. "म्हणजे तितर नसलं तर कोंबडी चोरीची. बाई, दोन्हीपैकी एक काय ते ठरव."

तिला सत्यजीतचा नंबर आठवला. तिनं कागद काढून साहेबाच्या हातात दिला. त्याचा एक शब्द पुरे होता. त्यानं तर डोळ्यांनी पाहिलं होतं. साहेबानं फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"काय खाल्लंत तुम्ही? खरं सांगा."

पलीकडं सत्यजीत पेचात पडला. कोंबडी म्हणावं तर व्हिडिओ खोटा पडत होता.

"सर, मला पक्ष्यांतलं काय कळतं? त्यांनी तितर म्हणून वाढलं, मी विश्वास ठेवला."

"दादा," ताईबाई फोनजवळ वाकली, "तुमच्या म्होरं जाळली की वो पिसं. रुमाल धरला व्हता तुमी."

फोन बंद झाला.

सावळारामला जीपमध्ये बसवलं तेव्हा वॉचमनचा ड्रेस इस्त्रीसाठी दोरीवर टांगून ठेवलेला होता. पाऊसकाळ संपता संपता त्याला जामीन झाला. तोवर कंपनीच्या गेटवर दुसरा उभा होता आणि ड्रेस ठेकेदाराचा माणूस येऊन घेऊन गेला होता. सावळाराम घरी आला तो धड जेवेनासाच झाला. केस लागलेल्या माणसाला घास उतरतो काय?

त्याला चार घास धड जावेत म्हणून ताईबाईनं बाजारातून कोंबडी आणली. कापली. पिसं गोळा करून खड्ड्याकडं निघाली आणि मध्येच थांबली. ह्या वेळी ती फसणार नव्हती. तिनं एकेक पीस वेचलं, पिशवीत भरलं आणि पिशवी सासऱ्याच्या पिंजऱ्यात, कांद्यांवर ठेवली. आता येऊ दे कोणत्याही जीपला. तितर म्हणाले की पिशवी पुढं करायची. कितीतरी दिवसांनी तिला त्या रात्री नीट झोप लागली.

सकाळी जीप आली नाही. गेणबा आला, पलीकडच्या मळ्यातला, सोबत काठ्या घेतलेले चौघे. त्याच्या दोन कोंबड्या रात्रीतून गेल्या होत्या. कोल्ह्यानं नेल्या असतील, पण कोल्ह्याचं घर कुणाला माहीत नव्हतं.

"बाजारातनं आणली व्हती ती, आबा," ताईबाई म्हणाली.

गेणबानं पिंजऱ्यातली पिशवी काढून उपडी केली. तांबडी पिसं अंगणभर उडाली. त्यानं एक उचलून हातात धरलं आणि सावळारामकडं पाहिलं.

"ह्याच्यावर आधीची केस हाय न्हवं?" तो म्हणाला. "धरा रं त्याला."