संडासाची कडी

मुलांना लगेच मदत करू नये, त्यांना चिकाटी शिकवावी, हे नाश्त्याच्या वेळी आजोबांनीच सुनेला सुनावलं होतं. तासाभरात पाच वर्षांची नात घरातल्या एकुलत्या एका संडासात अडकली. आतली कडी घट्ट बसली होती आणि बाहेर आजोबांना घाईची लागली होती.

सुनेचा धंदाच अडकलेली कुलपं उघडायचा. हत्यारांची पिशवी खांद्याला असूनही ती दाराशी निवांत मांडी घालून बसली.

"कडी आधी वर उचल, मग ओढ. नाही जमलं तर पुन्हा कर."

"अगं, तूच उघड की. अर्ध्या मिनिटाचं काम तुझं."

"मदत करू नये ना, बाबा?"

"ते मी अभ्यासाबद्दल म्हणालो होतो."

"हा अभ्यासच आहे."

आजोबा या पायावरून त्या पायावर नाचत राहिले. विसाव्या खेपेला कडी सरकली आणि नात घामाघूम होऊन बाहेर आली. आजोबांना पाणी आलं, सुदैवाने फक्त डोळ्यांत.

"शाब्बास गं माझी वाघीण," म्हणत ते आत घुसणार, तोच वाघिणीने त्यांना मागे ढकललं.

"थांब ना आजोबा, अजून पक्कं नाही झालं," असं म्हणून तिने आत जाऊन कडी लावून घेतली.