कुशाबाचा अर्धा वाटा

सुज्ञ वाचकहो, व्यसन सोडविणाऱ्या एका नव्या औषधाची मात्रा ठरविली जात असताना येडगावच्या एका मेंढपाळाच्या घरी जे घडले, त्याचे कथन मी येथे गांभीर्यपूर्वक करीत आहे.

कंबरदुखीवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचे व्यसन त्या मेंढपाळाला, जानकूला, आणि त्याचा धाकटा भाऊ कुशाबा यालाही जडले होते. घरातल्या गोळ्या संपत आल्या तेव्हा कुशाबा हात पसरून "दादा, अर्धी तरी दे" म्हणत तळमळला. ती मिळाली नाही; मग कुठूनशा मूठभर आणून त्याने एकदम खाल्ल्या, आणि तो गेला.

पुढे जानकू दवाखान्यातील त्या नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झाला. किती मात्रेने तलफ शमते आणि किती जिवावर बेतते, हे तेथे तपासत. गोळी जिभेखाली विरघळवायची असे. काही गोळ्या घरी न्यायला मिळत.

परंतु गोळी हाती घेताच मेंढरांच्या वाड्यापाशी कुशाबा उभा दिसे, हात पसरलेला. गेलेल्याचा घास आधी काढून ठेवायचा, ही घरची रीत. जानकू गोळी मोडी व अर्धी पळसाच्या पानावर कुंपणाशी ठेवी. सकाळी पान रिकामे असे.

बायको आशा कडाडली, "जित्या बायकोला कधी इचारलं न्हाई, आन् मेलेल्याला गोळ्या चारताय व्हय!"

दवाखान्यात डॉक्टर प्राची म्हणाल्या, "जानकूभाऊ, अजून कापरं भरतंय. म्हणजे तुमच्या गटाची मात्रा कमी पडते. पुढच्या लोकांना वाढवून देऊ."

पुढचे लोक बाहेर बाकावरच होते. त्यांतला घोडेगावचा रामदास दारातून हसला, "काय पावणं, गुण हाय का? आमाला बी जरा जास्तच द्या म्हणावं!"

जानकूने वळून पाहिले. रामदासही कुशाबासारखाच हात पुढे करून बोलत होता.

"मॅडम, वाढवू नका. मी अर्धीच खातो. अर्धी भावाला ठेवतो."

"कोणत्या भावाला?"

"गेलाय त्यो."

प्राचीताईंनी वहीतल्या त्याच्या नोंदीवर काट मारली. "तुमचा निकाल बाद करावा लागेल," त्या म्हणाल्या. "औषध चालू राहील, पण आता रोज इथं, आमच्यासमोर."

जानकूने अख्खी गोळी जिभेखाली धरली. प्राचीताईंच्या खुर्चीमागे कुशाबा येऊन उभा राहिला, हात पसरलेला. कडू पाणी घशात उतरत गेले. गोळी संपली, तरी तो हात खाली आला नाही; आणि जानकूने नजर वळविली नाही.

ही कथा अखेरपर्यंत वाचल्याबद्दल मी, दादाभाऊ रखमाजी खिलारी, आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो.