सगळ्यात भारी कूलंट

मुलगा अपघातात गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर चालू होता, आणि तो बंद करायची छाती घरात कुणाची झाली नाही. पासवर्ड त्यालाच ठाऊक. एकदा बंद पडला की संपलंच. पडद्यावर त्याचं अर्धवट कार्टून होतं. त्यातल्या आईला त्यानंच आपल्या आईचा आवाज काढून बोलतं केलं होतं: "उठतोस की ओतू पाणी?" त्याची आई रोज दुपारी ते लावायची, हसायची, मग रडत बसायची. कॉपी करून ठेवू म्हटलं, तर कुणाला हात लावू देईना. काही बिघडलं तर कोण निस्तरणार, म्हणायची.

मशीन पाण्यावर थंड होणारं. काचेआडच्या नळ्यांतून लाल कूलंट फिरायचं, आणि वर एक छोटी टाकी. टाकीतली पातळी उतरायला लागली तसा बापाचा जीव खालीवर व्हायला लागला.

"कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा ना," बायको म्हणाली.

"कूलंटचं मी विचारू?" तो म्हणाला. खरंच होतं. गाड्यांचा मेकॅनिक, अख्खा जन्म रेडिएटर भरण्यात गेलेला.

गॅरेजच्या फळीवर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी होतं, सगळ्यात स्वस्त. त्यानं कॅन उचललाही. पण पोराच्या मशीनला नुसतं पाणी? मन धजेना. कॅन ठेवला आणि मोठ्या गाड्यांचं भारीतलं कूलंट घेतलं. रंगही लालच, हुबेहूब. वेडं माणूस, दुसरं काय.

काही दिवस झकास चाललं. मग एका दुपारी पंप घरघरला आणि पडदा काळा झाला.

दुकानातल्या मुलीनं नळी कापून दाखवली. आत नुसता गाळ, जेलीसारखा. "काका, दोन जातींची कूलंट एकमेकांत फाटली. साधं डिस्टिल्ड पाणी चाललं असतं." मग हळूच म्हणाली, "मशीन चालू करून देईन. पासवर्डचं कुलूप मात्र नाही उघडायचं."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, फळीवरच्या पाण्यासकट. "सगळ्यात भारी ओतलं होतं गं मी."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मग पोरगा काढायचा तसा आवाज काढायला गेली, "उठतोस की ओतू पाणी?"

पुन्हा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा तिचाच आवाज आला.