वारेपलीकडे

मित्रांनो, माझं वय अवघं सात आठवडे, पण आम्हा प्रतिपिंडांमध्ये मी म्हाताराच समजा. धनुर्वाताच्या विषाला मिठी मारून निकामी करणं, एवढंच मला येतं.

माझा जन्म सनातूच्या हाडातल्या मगजात झाला. तिचं पहिलं बाळ धनुर्वाताने जबडा मिटून सहाव्या दिवशी गेलं होतं. आमच्या दागबों मुलखात नाव सातव्या दिवशी ठेवतात. त्याला नावच मिळालं नाही. दुसऱ्या गरोदरपणात सातव्या महिन्यात धनुर्वाताचं दुसरं इंजेक्शन घ्यायचं होतं, तर सनातू हटून बसली.

"मला नको ती सुई. दुखतं."

"दुखतं म्हणे!" सासू अझारा कडाडली. "मागच्या वेळी रडलीस ते दुखलं नव्हतं? ऊठ!"

दोघी चार मैल चालून दवाखान्यात पोचल्या. अझाराच पुढे घुसली, तेव्हा नर्स हसली, "टोचायचं कुणाला, सासूला की सुनेला?"

त्यानंतर पंधरवड्याने मी जन्मलो आणि रक्तातून वाहत वारेपाशी आलो. काय सांगू तिथलं! आईचं रक्त बाळाच्या रक्तात मिसळत नाही, मध्ये वारेची भिंत असते. पण त्या भिंतीतल्या कुणीतरी माझं शेपूट ओळखून धरलं, मला एका इवल्या बुडबुड्यात घेतलं आणि अलगद पलीकडे सोडलं. किती जणांना अडवणाऱ्या त्या भिंतीला मला सोडायचं हे कुणी शिकवलं? माझ्यामागून लाखो भावंडं आली. शेवटी तर बाळाच्या रक्ताच्या थेंबात आम्ही आईच्या थेंबापेक्षाही दाट झालो. स्वतःजवळ ठेवलं त्याहून जास्त तिने लेकीला दिलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

याम नावाचे कंद काढायच्या दिवसांत सनातू शेतात जेवण घेऊन गेली आणि तिथेच बाळंत झाली. अझाराने हाताशी होती त्या, कंद उकरायच्या सुरीने नाळ कापली. सुरीची माती, तिच्यातल्या धनुर्वाताच्या जंतूंसकट, नाळेला लागली. चार दिवसांनी जखमेतून विष रक्तात उतरू लागलं. मी समोर आलेल्या पहिल्या कणाला मिठी मारली. भावंडांनीही एकेक कण धरला. आमची मिठी सुटत नाही; धरलेल्यासोबत आम्हीही संपतो.

सहाव्या दिवशी सनातूने बाळाला सासूपुढे धरलं. "म्मा, हिचं तोंड उघडतंय का बघा ना."

"उघडतंय कसलं, गावभर ऐकू जातंय! पाज तिला आधी."

बाळाने तोंड लावलं आणि चुटूचुटू ओढू लागलं. सनातू हसता हसता रडली.

मित्रांनो, आमची फौज काही महिनेच पुरते. पुढे बाळाला स्वतःच्या लसी लागतील. तुमच्या घरी कुणी बाळाची वाट पाहत असेल, तर तिला एकटीला दवाखान्यात पाठवू नका, सोबत जा. आणि नाळ कापायला स्वच्छ पातं ठेवा. सगळा भार आमच्यावर टाकू नका.

माझे आता थोडे तास उरलेत. आज, सातव्या दिवशी सकाळी, बाळाच्या कानात तिचं नाव सांगितलं: टियुम्बा. मी तिच्या रक्तातच होतो, म्हणून मला ते सगळ्यांत जवळून ऐकू आलं.