रिव्हर्समधली काकू

रंगकाकांना गाडी पुढे न्यायला झकास जमायचं. मागे घेणं हे काकूंचं खातं होतं. म्हणजे स्टिअरिंग काकांच्याच हातात असायचं, पण दोन भिंतींमधल्या त्या चिंचोळ्या वाटेतून गाडी रस्त्यावर काढायची तर काकू फाटकापाशी उभ्या राहणार, हात हलवत "या, या, अजून या" करणार आणि मग तळवा दाखवून "थांबा म्हटलं ना!" असं खेकसणार. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. काकूंना स्वतःला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी इतक्या वर्षांत गाडीवर ओरखडा उमटला नाही, आणि काकांना मान वळवून मागे बघायची सवयही लागली नाही. दोन्हीचं श्रेय काकूंचंच.

नवी गाडी घेताना लेकीनं हट्टानं मागे कॅमेरा असलेली घ्यायला लावली. "आता आईला रोज सकाळी फाटकात उभं राहायला नको," म्हणाली. काकूंनी ते मनाला लावून घेतलं. "त्या डबीला काय कळतंय?" असं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या जागेवर हजर. त्यामुळे एवढे पैसे मोजून आणलेल्या त्या पडद्यावरही काकांना दिसायच्या त्या काकूच.

काकू गेल्या एका दुपारी. काका आपल्या रंगाच्या दुकानात कुणासाठी तरी पिवळ्यात पांढरा मिसळत होते. शेजारणीचा फोन आला तोवर सगळं संपलं होतं. हृदय, म्हणाले डॉक्टर. भेटायला आलेल्या प्रत्येकाला काका एकच सांगायचे, "सकाळी अगदी ठणठणीत होती हो. गाडी काढून दिली मला." या वाक्याचा त्यांना फार आधार होता. आपल्या देखत ती धडधाकट होती, पुढचं आपल्या हातात नव्हतं, असं मनाला बजावून ते रात्री अंथरुणाला पाठ टेकत.

पुढे काही दिवसांनी, लेक तिच्या घरी परत गेल्यावर, त्यांनी दुकान उघडायचं ठरवलं. गाडीत बसले, रिव्हर्स टाकला आणि पडद्यावर काकू उभ्या. शेवटच्या सकाळी घातलेला तोच जांभळा स्वेटर, उजवा हात वर, तळवा काकांकडे. काकांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मान गर्रकन वळवून मागे पाहिलं. फाटक रिकामं होतं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तर आता तिथंही रिकामं फाटकच. भुताखेतांवर काकांचा विश्वास नव्हता, आणि यंत्रांवर तर त्याहून नव्हता. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. रिव्हर्स टाकला की काकू यायच्या, एक श्वासभर राहायच्या आणि जायच्या.

मग काकांनी नवल करणं सोडून दिलं. ते सकाळी जरा लवकरच गाडीत जाऊन बसू लागले. रिव्हर्स, न्यूट्रल, पुन्हा रिव्हर्स. जन्मभर रंग विकलेला माणूस, त्यामुळे बघायचे तेही रंगच. या डबीनं स्वेटरचा जांभळा पार राखाडी करून टाकलाय, यावर त्यांचा रोज जीव जळायचा. तो जांभळा बरोबर कसा मिसळायचा, हे ते मनातल्या मनात ठरवत बसायचे. लेकीलाही त्यांनी याचा पत्ता लागू दिला नाही. आपल्याला वेड लागलंय असं लोकांना वाटलं असतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना कुणाशी वाटून घ्यायचंच नव्हतं.

अशात सर्व्हिस सेंटरमधून एका मुलीचा फोन आला. "सर, या मॉडेलच्या सगळ्या गाड्या कंपनीनं परत बोलावल्यात. मागच्या कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे. चालू दृश्याऐवजी आधीचंच एखादं दृश्य पडद्यावर अडकून राहतं. आम्ही फुकट बदलून देतो."

"आणि ते आधीचं दृश्य?"

"ते जाईल ना सर. त्यासाठीच तर बोलावतोय."

"मला वेळ नाही," म्हणून काकांनी फोन ठेवला. मुलगी चिवट होती. काकांनी कंबर दुखवून घेतली, दुकानात माल उतरवला, शेवटी नसलेला साडूसुद्धा आजारी पाडला. तिनं साडूंच्या तब्येतीची चौकशी केली आणि पुन्हा फोन केला. काका बधले नाहीत.

सुट्टीत लेक नातीला घेऊन राहायला आली. काकांचा एक नेम होता: काकू पडद्यावरून गेल्याशिवाय ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. त्या सकाळी मात्र काकू गेल्याच नाहीत. श्वास संपला, दुसरा संपला, तरी त्या आपल्या उभ्याच. काका हरखून बघत राहिले आणि ब्रेकवरचा पाय कधी सैल पडला ते त्यांना कळलंच नाही. गाडी उतारावरून मागे सरकली.

लेकीची किंकाळी आली तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. नात मागे जमिनीवर खडूनं चित्र काढत बसली होती. तिला काही झालं नाही. तिचं प्लॅस्टिकचं स्टूल तेवढं चेपलं, आणि त्यासाठी तिनं भोकाड पसरलं. तिला कडेवर घेऊन लेक तावातावानं दारापाशी आली.

"बाबा, समोर एवढा पडदा आहे, दिसत नाही का तुम्हाला?"

तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिथं आई उभी होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तू गेलीस ना तुझ्या घरी, तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत? माझी आई आहे ती, बाबा. तुम्ही एकटेच बघत बसलात?" ती रडायला लागली. आईला रडताना पाहून नात गप्प झाली. काकांनी गाडी बंद करून किल्ली लेकीच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "उद्या जाऊ. तू चल बरोबर. माझ्याच्यानं एकट्यानं नाही व्हायचं."

सर्व्हिस सेंटरच्या लांबलचक शेडमध्ये टायरचा वास भरला होता. मेकॅनिक बोलका होता. त्यानं गाडीला वायर जोडली, भिंतीवरचा मोठा स्क्रीन लावला आणि म्हणाला, "दोष आहे ना, याची आधी खात्री करून घेतो." रिव्हर्स टाकायला त्यानं काकांनाच बसवलं. टाकल्यावर काका खाली उतरून आले. भिंतीवर काकू जवळजवळ माणसाएवढ्या दिसत होत्या.

"दादा, एक फोटो काढू का?" लेकीनं विचारलं.

"काढा की. थांबा, या अंतर दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या रेषा मधे येतायत, त्या घालवतो."

रेषा गेल्या. लेकीनं मोबाइल वर धरला. मेकॅनिक स्क्रीनकडे बघत सहज म्हणाला, "आजी आजारी होत्या का हो तेव्हा?"

"छे! ठणठणीत होती," काकांनी तोंडपाठ उत्तर दिलं.

"नाही, त्यांनी डाव्या हातानं फाटक घट्ट धरलंय, म्हणून विचारलं. जरा वाकल्यातही."

काका पुढे झाले. डावा हात फाटकाच्या गजावर होता. बोटं आवळलेली. अंगाचा सगळा भार त्या हातावर टाकून काकू उभ्या होत्या आणि उजव्या हातानं नवऱ्याला वाट दाखवत होत्या. हे काही आज नव्यानं उगवलं नव्हतं. गाडीतल्या छोट्या पडद्यावर लाल रेषेखाली तो हात रोज होता. काकांनी रोज वर केलेला तळवा पाहिला, स्वेटरचा रंग पाहिला. ती गेली त्या सकाळीही त्यांनी तळवाच पाहिला होता. तो थांबा म्हणाला तेव्हा थांबले, मग गाडी रस्त्यावर काढून, गियर बदलून पुढे निघून गेले. फाटकाला धरून ती किती वेळ उभी राहिली असेल, कशी आत गेली असेल, कुणाला ठाऊक.

लेकीनं मोबाइल खाली घेतला. तिलाही दिसलं होतं. "राहू दे, बाबा," ती म्हणाली. "माझ्याकडे आईचे दुसरे चांगले फोटो आहेत."

मेकॅनिकला आपण काय बोलून गेलो ते कळेना. त्यानं चाचरत विचारलं, "करू ना मग सुरू? एकदा सुरू केलं की हे राहणार नाही."

काकांनी होकारार्थी मान हलवली. पण त्याचं बोट बटणाकडे जाताच त्यांनी त्याचा हात धरला आणि लेकीकडे वळले.

"आधी फोटो काढ," ते म्हणाले. "आणि तो हातही येऊ दे त्यात."