अठ्ठावन्न किलो गूळ

आकांक्षा बरी झाली की तिच्या वजनाइतका गूळ मारुतीपुढं वाटीन, असा नवस मालनआत्या बोलली, आणि नंदाबाईच्या घरात भांडणाला तोंड फुटलं.

पोरगी बारा वर्षांची, अठ्ठावन्न किलोची. सारं हसनाबाद कौतुकानं म्हणायचं, खात्यापित्या घरची लेक! रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मात्र साफ सांगितलं. अंगावर चरबी जास्त असली की आजार हटायला जड जातो. महिन्यानं हाडातला रस काढून तपासू, तोवर वजन वाढू द्यायचं नाही. गोळ्यांनी भूक तर खवळणारच. त्यांनी जेवण कागदावर लिहून दिलं आणि नंदाबाईनं तो कागद ओट्यापाशी चिकटवला.

भूक कसली, वखवख होती ती. पोरगी डबे हुंगत रडायची. नंदाबाईचं काळीज तुटायचं, पण वाटीत कागदावरचीच उसळ पडायची. नवरा राधेश्याम एकदा लेकीसाठी खिशातून पेढा काढताना सापडला. तो पेढा म्हशीनं खाल्ला.

आत्या रोज डिंकाचे लाडू घेऊन दारात हजर.

"लेकराला उपाशी मारून राह्यली तू! अंगात मांस न्हाई तर झुंजंल कशी?"

"उपाशी न्हाई, वन्सं. डॉक्टरनं लिहिलं तेवढं बराबर देते. लाडू परत न्या."

"माय हायेस का कैदाशीण? गाव काय म्हणंल?"

"म्हणू द्या. गाव येणार हाय का सुया टोचून घ्यायला?"

एकदा नंदाबाई दळण घेऊन परतली, तर आत्या तोंड पाडून पायरीवर बसलेली आणि डबा भरलेलाच. आत आकांक्षा डोळे पुसत होती.

"आत्या, लई भूक लागली गं," ती ओरडून म्हणाली, "पण मायनं न्हाई म्हटलं म्हंजे न्हाई!"

नंदाबाई दळण टाकून तिथंच रडली.

महिन्यानं काटा अठ्ठावन्नावरच थांबला. तपासणीत आजाराचा मागमूस नव्हता. औषधं अजून दोन वर्षं चालणार होती, पण आत्याला कुठला दम? तिनं आडत्याचा काटा मारुतीपुढल्या अंगणात आणवला, पोरीइतका गूळ तोलला आणि पहिला खडा फोडला. हात सवयीनं आकांक्षाच्या तोंडाकडं गेला, अर्ध्यावर थांबला.

"बिलकुल न्हाई," आत्या स्वतःलाच म्हणाली, आणि तो खडा तिनं नंदाबाईच्या तोंडात कोंबला.